काळ्या बुडाचे टोमॅटो

पहिला टोमॅटो लाल झाला तो वरून इतका देखणा होता की तोडायच्या आधी मी हात धुऊन आले. देठाशी धरून अलगद पिरगाळला, तळहातावर उलटा केला, तर बुडाशी कोटाच्या बटणाएवढा काळा डाग. नखाने दाबून पाहिला. कातड्यासारखा चिवट, आत बसलेला. वरून राजबिंडा आणि खालून सडका. अशी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण माझ्या गच्चीवर असा टोमॅटो कधी झाला नव्हता.

कुणाला न दाखवता तो कचऱ्याच्या डब्यात खोल दाबला आणि वर भाजीचे देठ पसरले. एरवी असं लपवाछपवीचं काम मला जमत नाही. पण त्या उन्हाळ्यात टोमॅटोवर माझी गच्ची टांगलेली होती, आणि टांगली होती मीच.

झालं असं, की आमच्या विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. त्याबरोबर त्यांच्या मुलाला एकाएकी साक्षात्कार झाला की आपलं घर फार लहान आहे. आईला कुठे ठेवू, काय करू, असं फोनवर रडगाणं सुरू झालं. माझा मुलगा पडला दिलदार. दुसऱ्याचं ओझं दिसलं की याचे खांदे शिवशिवतात. जेवताना मला म्हणाला, "आई, स्वयंपाकघराला लागून गच्ची आहेच. तिच्यावर छप्पर घालून एक खोली काढू. सासूबाई येऊन राहतील. लिफ्ट आहे, जिन्याचा त्रास नाही."

"आणि माझी झाडं?"

"झाडं काय गं आई! टोमॅटो बाजारात ढीगभर मिळतात."

हे तो बोलला नसता तर मी कदाचित गप्प बसले असते. नवरा गेल्यापासून त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा. रंगाचे रिकामे डबे गोळा करून, बुडाला खिळ्याने भोकं पाडून, माती स्वतः चाळून मी ती बाग उभी केली. आणि हा म्हणतो, बाजारात मिळतात. मी घास खाली ठेवला.

"ऐकून ठेव. या उन्हाळ्यात बाजारातला टोमॅटो या घराचा उंबरा ओलांडणार नाही. घराला लागतील तेवढे माझी झाडं देतील. नाही दिले, तर बांध खुशाल खोली. मी हूं की चूं करणार नाही."

"ठरलं!" मुलगा हसत म्हणाला. त्याला ती गंमत वाटली. सून पाणी वाढत होती, तिने मान वर केली नाही. मला वाटलं, आतून हसत असेल.

आता मी तिला तेव्हाच का विचारलं नाही, असं कुणी म्हणेल. तर सून माझ्याशी बोलत नाही आणि मी सुनेशी बोलत नाही. भांडण नाही, पद्धत आहे. नवी नवी आली होती तेव्हा पाहुण्यांसमोर मी तिला म्हटलं, "भांडी अशी पुसतात का? आईने शिकवलं नाही वाटतं." तिने फडकं खाली ठेवलं आणि त्याच पाहुण्यांसमोर मला सांगितलं, "यापुढे मला काही सांगायचं असलं तर ह्यांना सांगा. हे मला सांगतील."

बरं, म्हटलं. सांगितलेलं ऐकणारी बाई आहे मी. तेव्हापासून मी मुलाला सांगते आणि मुलगा तिला सांगतो. मुलगा घरात नसला तर मी फ्रिजला सांगते. "या घरात दूध उघडं ठेवायची नवी फॅशन निघालीय," असं फ्रिजला ऐकवलं की थोड्या वेळाने दुधावर झाकण पडतं. तीही काही कमी नाही. ती कुकरशी बोलते. "काही लोकांना मीठ दिसत नाही, चष्मा बदलायला झालाय." असा आमचा संसार, आणि चांगला चालला होता. ती इस्पितळात रक्त तपासते. तिथे सगळे तिला मॅडम म्हणतात. मीही म्हणते, तिच्या माघारी.

तर काळ्या बुडाचा एक टोमॅटो फेकला, त्याच्यामागोमाग दुसरा तसाच. मग एका घोसातले सगळेच. मी खाली शिंपीणबाईकडे गेले. रोज संध्याकाळी मी तिच्या दुकानात बसते, तिची हुकं-बटणं लावून देते. काम तिचं होतं आणि घरातून माझा पाय निघतो.

"काकू, आज तोंड का पाडलंय?"

"माझं तोंड जन्मापासून असंच आहे. टोमॅटोचं बूड काळं पडतंय, त्याचं बघ."

तिने लगेच मोबाइल काढला. "ही बाई सांगते बघा. बूड काळं पडलं म्हणजे झाडाला चुना कमी पडतोय."

"हीच ना ती, मागे लसूण चोळून टकलावर केस उगवत होती?"

"उगवले ना पण, काकू."

"कुणाचे?"

"तिचे."

"तिचे आधीपासूनच होते, बये."

तरी मी चुन्याची निवळी करून घातली. गरजवंत माणूस टकलावर लसूणही चोळतो. काही फरक पडला नाही. नवीन फळं धरत होती, लिंबाएवढी झाली की बुडाशी पाणथळ डाग, आणि बघता बघता काळा.

तेव्हा मी झाडांकडे नीट बघायला बसले. माझी पाणी घालायची रीत अशी, की सकाळी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं. कोरडं लागलं तर डब्याच्या भोकांतून ठिबकेपर्यंत पाणी द्यायचं, ओलं लागलं तर हात आवरायचा. पानांवर नाही, मुळाशी. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि यात आजवर कधी चूक झाली नव्हती. पण आता बोट घालावं तर माती चिखल. मी तर आदल्या सकाळपासून थेंब घातला नव्हता. दुसऱ्या डब्यात बोट घातलं, तोही चिखल. खालची पानं पिवळी पडायला लागलेली. झाडाचे पाय पाण्यात राहिले की ते असं पिवळं पडतं.

पाऊस नाही, दव नाही. टाकी गळत नव्हती. मग पाणी आलं कुठून?

मी चिमूटभर माती नाकाशी नेली. फिनेलचा वास येतो का पाहिलं. साबणाचा येतो का पाहिलं. नाही. नुसतं पाणी. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुंडीतल्या झाडाला मारायला विष कशाला हवं? पाणी पुरतं. मुळं गुदमरतात. हुशार बाई आहे, म्हटलं. शिकलेली. खून करावा तर पाण्याने, पुरावा वाळून जातो.

खोली कुणाच्या आईची होणार होती? तिच्या. मग गच्चीवर कुणाचा डोळा? सांगायला नको.

त्या दिवशी जेवताना मी मुलाला म्हटलं, "ज्याला सांगायचं त्याला सांग. झाडांना पाणी जास्त होतंय. जास्त पाण्यानेच फळं सडतात. मला सगळं कळतं."

मुलगा तोंडात घास घेऊन बायकोकडे वळला. ती तिथेच बसली होती, हातभर अंतरावर. "आई म्हणते, झाडांना पाणी जास्त होतंय."

"ऐकलं," ती म्हणाली.

मग मी सापळा लावला. पाणी पार बंद केलं. म्हटलं, माती ठणठणीत कोरडी ठेवते. सकाळी ओली सापडली की चोर सापडला. सकाळी बोट घातलं, माती कोरडी. दुसऱ्या दिवशीही कोरडी. भ्यायली, म्हटलं. मी खूष. नेमक्या त्याच दिवसांत गरम वारा सुटला. तवा तापल्यासारखी गच्ची. दुपारी पानांच्या विड्या वळल्या. फुलं देठातून गळून पडायला लागली, झाडू मारला की सुपलीत पिवळी फुलंच. उन्हाच्या बाजूच्या फळांवर पांढरे चट्टे उठले, भाजल्यासारखे. मी जुनी चादर बांधून सावली केली. पण पाणी काही घातलं नाही. आणखी एकच दिवस, म्हटलं, अजून एकदा खात्री करू. तिची खात्री करता करता मी माझी झाडं तहानेने मारत होते, हे मला दिसत होतं. दिसत असूनही मी थांबले नाही, कारण मला झाडांपेक्षा चोर हवा होता.

शेवटी एका सकाळी सगळ्याच झाडांनी माना टाकल्या. शेंडे जमिनीकडे. तेव्हा मलाच राहवलं नाही. मी बादलीमागून बादली ओतली. भोकांतून धार लागेपर्यंत. संध्याकाळी शिंपीणबाईकडे बसले असताना आभाळ भरून आलं आणि अवेळी पाऊस कोसळला. गारा नाहीत, वारा नाही, सरळ पाणी. शिंपीणबाई म्हणाली, "बरं झालं काकू, तुमच्या झाडांना मिळालं." मीही म्हटलं, बरं झालं.

सकाळी गच्चीवर गेले तर टोमॅटो फाटले होते. जे चांगले होते, बूड न काळवंडलेले, पिकायला टेकलेले, ज्यांच्यावर माझी सगळी मदार होती, तेच. देठापासून खाली लांब चिरा, आतलं गुलाबी मांस उघडं, त्यावर माश्या. तहानलेल्या झाडाला एकदम पाणी मिळालं की ते फळात चढतं, आणि साल तेवढी ताणली जात नाही. मला हे ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं मला.

त्या संध्याकाळी मी दुकानात गेले नाही. गच्चीत स्टूल टाकून बसले आणि फाटलेले टोमॅटो तोडून बादलीत टाकत राहिले. झाडावर होती तेवढी फळं संपली की नवीन फळ धरायला फूल शिल्लक नव्हतं.

दार उघडलं आणि सून बाहेर आली. इस्पितळाच्याच कपड्यांत, एका हातात मोठा मग. मी घरात नाही असं तिला वाटलेलं. ती थेट पहिल्या डब्याशी गेली, वाकली, आणि बोट मातीत खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत. बरोबर माझ्यासारखं.

"सापडलीस," मी म्हटलं.

ती दचकली. मगातलं पाणी हातावर सांडलं, ती सरळ झाली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मध्ये ना मुलगा ना कुकर, ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "काय करताना सापडले?"

"झाडं मारताना."

"मारताना?" तिने मग खाली आपटला. "मी जगवत होते! रोज संध्याकाळी येते तर माना टाकलेल्या. मला वाटलं तुम्हाला आता जमत नाही, विसरता. म्हणून घरी वेळेवर आले की घालत होते पाणी."

"आणि उशिरा आलीस की?"

"मग नाही. तेव्हा वाटायचं, तुम्ही घातलं असेल."

"मी कशाला घालू? सकाळी माती ओली सापडायची, मी हात आवरायची."

बोलता बोलता आम्ही दोघीही थांबलो. कारण दोघींनाही एकदमच कळलं. ती आली की झाडं बुडायची, ती नाही आली की कोरडी राहायची. आज पूर, उद्या दुष्काळ. बूड काळं पडायला आणखी काय लागतं?

"पण मागे तुम्हीच म्हणालात, पाणी जास्त होतंय," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही तुमचंच सांगताय. म्हणून मी बंद केलं."

"आणि मी तुला पकडायला बंद केलं."

"आणि काल?"

"काल सकाळी ओतलं."

"मलाही बघवेना, मी संध्याकाळी ओतलं. पाऊस सुरू व्हायच्या जरा आधी."

ती डब्याच्या कडेवर टेकली आणि हसायला लागली. चांगलं हसणं नव्हतं ते. हसता हसता डोळे पुसले, मातीचा पट्टा गालावर उठला.

"तुला कशाला हवी होती माझी झाडं?" मी विचारलं. "खोली तुझ्या आईची होणार होती ना?"

"म्हणूनच."

मला काही कळलं नाही. ती खाली मान घालून बोलली, एका दमात. "माझी आई तुम्हाला माहीत नाही. तुम्ही निदान फ्रिजशी बोलता. ती माझ्याशी बोलते, दिवसभर. तिच्यापासून सुटायला मी लग्न केलं. भावाने मुद्दाम अंग काढून घेतलं आणि ह्यांनी आपणहून गळ्यात घालून घेतलं. मी कशी नाही म्हणू? सख्खी लेक आईला नको म्हणते, असं सगळे म्हणणार. तुमची पैज लागली तेव्हा मला वाटलं, सुटले. तुमचे टोमॅटो झाले असते तर भावाला तोंडावर सांगता आलं असतं, आमच्याकडे जागा नाही."

म्हणजे सगळ्या घरात ही गच्ची मोकळी राहावी असं वाटणारी माणसं दोनच होती, आणि त्यांनीच ती घालवली. मला त्या बाईची दया यायला हवी होती. मला राग आला. एवढं होतं तर बोलली का नाहीस, असं ओठांवर आलं. पण तेच ती मला म्हणाली असती.

ती जवळ आली, आवाज खाली आणला. "अजून काही बिघडलं नाही. मी येताना पिशवीतून टोमॅटो आणते. तुमच्या टोपलीत ठेवू. ह्यांना काय कळतंय?"

"बाजारातले?" मी म्हटलं. "बाजारातले टोमॅटो मी माझ्या झाडाचे म्हणून वाढायचे? तुझ्या रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या बदलतेस का गं अशा?"

तिचं तोंड लालभडक झालं. तरी ती गिळून म्हणाली, "बरं. मग तुम्ही नुसतं म्हणा. गच्ची मला हवी आहे, खोली नको. घर तुमचं आहे. मी म्हणू शकत नाही, तुम्ही म्हणू शकता. एक शब्द."

"आणि दिलेला शब्द?"

"मागे घ्या. घरातच तर दिलाय."

मी बादली उचलून आत गेले.

जेवायला बसलो. मुलगा दिवसभराचं काहीबाही सांगत होता. मग त्याला आठवलं. "काय आई, कालच्या पावसाने झाडं खूष असतील! कधी मिळणार घरचे टोमॅटो? की बोलावू गवंड्याला?" डोळा मिचकावला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी 'राहू दे रे' म्हटलं असतं तर त्याने तिथल्या तिथे विषय सोडला असता, मला माहीत आहे.

सून पातेल्यात डाव घालून उभी होती. वाढत नव्हती. माझ्याकडे बघत होती. आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, विनंती नव्हती. खात्री होती. तिला खात्री होती की म्हातारी आता बोलणार, कारण म्हातारीलाही तेच हवंय. शब्द माझ्या जिभेवर आलेला होता. पण कुणी मला असं आधीच ओळखून बसलेलं मला आजवर खपलेलं नाही. नवऱ्याचं खपलं नाही, तर हिचं काय.

"बोलाव गवंड्याला," मी म्हटलं. "टोमॅटो फाटले. मी हरले."

डाव पातेल्यात पडला. मुलगा म्हणाला, "अगं, मी गंमत करत होतो."

"मी करत नव्हते."

गवंडी यायच्या आधी मी झाडं स्वतः उपटली. काही झाडांना खालून नवीन फूट आली होती, हिरवीगार. शिंपीणबाई म्हणाली, "काकू, एखादा डबा माझ्या दुकानासमोर ठेवा ना." मी म्हटलं, "तुझ्या मोबाइलमधल्या बाईला दे."

खोली झाली. विहीणबाई आल्या. सुनेने सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. बाई उठल्यापासून बोलतात. माझ्या हाताला चव नाही, पंख्याला वेग नाही, जावयाला बढती नाही, आणि भिंतीला हा असला रंग कुणी दिला. सून ऐकायची, होय आई, होय आई म्हणायची आणि दिवसेंदिवस वाळत चालली. मी एकदा कपाटाला म्हटलं, "माणसाने सोसावं तरी किती." कपाटाशी उभी असूनही तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कुकरशी बोलणंही तिने सोडून दिलं होतं.

मग एक दिवस मुलाने सांगितलं, तिने दुसऱ्या गावच्या इस्पितळात बदली मागून घेतली आणि ती मिळाली. राहायला जागा मिळते, पण एकच खोली. तोही तिथूनच काम बघणार. "आई, सासूबाईंना तिथे नेता येणार नाही. तू आहेस म्हणून काळजी नाही." माझ्या दिलदार मुलाने या वेळी ओझं माझ्या खांद्यावर ठेवलं. सून सामान बांधत होती. जाताना माझ्या पाया पडली, पण बोलली नाही.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. विहीणबाईंना मोबाइल वापरता येत नाही, म्हणून मीच घेते. या घरात होती तोवर जेवढं बोलली नाही तेवढं आता ती माझ्याशी बोलते.

"आई जेवली का?"

"जेवली."

"औषध?"

"घेतलं."

"चालवलं का थोडं?"

"दारापर्यंत. सारखी म्हणते, लेकीला बोलवा."

त्यावर 'तिला द्या' असं ती म्हणत नाही. मीही देत नाही. आतून विहीणबाई हाका मारत असतात, कोण आहे, माझी मुलगी आहे का, मला द्या. परवा फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय," म्हटलं, आणि फोन ठेवला.